मूल हरवल्यावर पोलिसांकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी?

उंबरठा

दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचा अकरा वर्षांचा मुलगा शिकवणीहून घरी आला नाही. साडेसहाला येणारा मुलगा आठ वाजले तरी आला नाही, मित्रांकडे, शिक्षकांकडे, नातेवाइकांकडे फोन करून झाले, तेव्हा आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे आम्हाला बाकावर बसवण्यात आले. ठाणे अंमलदारांनी दुसऱ्या कुठल्या तरी भांडणाचा जबाब लिहिता लिहिता मान वर करून विचारले, "रागावला होतात का?" बहीण म्हणाली, की सकाळी परीक्षेच्या गुणांवरून बोलणे झाले होते. त्यावर त्यांनी लेखणी खाली न ठेवताच सांगितले, "मग येईल. सकाळपर्यंत वाट पाहा, नाही आला तर मिसिंग घेऊ." चाळीस मिनिटांनी आम्ही काहीही न लिहिता बाहेर पडलो. रात्री सव्वाबाराला एका बसवाहकाचा फोन आला. मुलगा शेवटच्या थांब्यावरच्या शेडमध्ये दप्तर उशाला घेऊन झोपला होता.

म्हणजे अंमलदारांचा अंदाज अगदी बरोबर ठरला. मुलगा रागावून गेला होता आणि आला. मला गेली दोन वर्षे छळणारी गोष्ट हीच आहे. ते चुकले असते तर मला तक्रार करता आली असती, पण बरोबर ठरलेल्या माणसाविरुद्ध काय तक्रार करणार? तरीही त्या चाळीस मिनिटांत आमच्याशी जे झाले ते चूक होते असे मला आजही ठामपणे वाटते, आणि ते चूक का होते हे नीट शब्दांत मांडता यावे म्हणून हा धागा काढला आहे.

आकडे अंमलदारांच्या बाजूने आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात ८३,३५० मुले हरवल्याची नोंद झाली, आणि आधीच्या वर्षांतली हरवलेली धरून त्याच वर्षी ८० हजारांहून अधिक मुले सापडली. बहुतेक मुले परत येतात. परंतु याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि २००६ मध्ये तो वाढवला. अपहरण होऊन खून झालेल्या मुलांपुरताच तो मर्यादित होता, आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचा जीव पहिल्या तीन तासांतच गेल्याचे त्यात दिसले. अशी प्रकरणे फार थोडी असतात हे मला मान्य आहे. पण आमचे प्रकरण त्या थोड्यांतले नाही हे आठ वाजता बाकावर बसलेल्या आम्हाला ठाऊक नव्हते, आणि अंमलदारांनाही ठाऊक नव्हते. फरक एवढाच, की आम्हाला ते ठाऊक नसल्याची जाणीव होती.

तेव्हा प्रश्न असा, की पोलिसांकडून आपण "शोधून काढा" अशी अपेक्षा ठेवायची की आणखी काही? आणि कोणती अपेक्षा अवाजवी म्हणावी?

ठाणे_डायरी

मी पोलीस खात्यात तीस वर्षे काढली आणि त्यांतली बरीच तपासावर. आपल्याला जे ऐकावे लागले ते मीही कधीकाळी कुणाला तरी ऐकवले असण्याची शक्यता आहे, म्हणून बचाव करत नाही. ते वाक्य कुठून येते तेवढे सांगतो. रात्रपाळीच्या अंमलदाराने आयुष्यात शंभर मुलांच्या तक्रारी ऐकलेल्या असतात, त्यांतली पंचाण्णव मुले सकाळपर्यंत आलेली असतात, आणि उरलेल्या पाचांचा तपास दुसऱ्याच कुणाकडे गेलेला असतो. त्याचा अनुभव खोटा नसतो, अर्धा असतो. न आलेल्या मुलांच्या घरी तो कधी गेलेला नसतो.

पहिल्या तासात काय व्हायला हवे ते सांगतो, म्हणजे अपेक्षा कशाची ठेवायची ते कळेल. सर्वांत आधी नोंद. वर्णन, कपडे, शेवटचे कुठे आणि कुणी पाहिले, वेळ. ती नोंद झाली की बिनतारी संदेश जातो, गस्तीच्या गाड्यांना, शेजारच्या ठाण्यांना, रेल्वे पोलिसांना, बसस्थानकांवर कळते. नोंद नाही तर यांतले काहीच होत नाही, कारण अंमलदाराने तोंडी कुणाला सांगितले असले तरी त्याचा माग राहत नाही. "लिहून घेणे" ही कारकुनी बाब आहे असा लोकांचा समज असतो, आणि दुर्दैवाने काही पोलिसांचाही असतो. प्रत्यक्षात शोध सुरू होतो तो लिहिण्यापासूनच.

दुसरी गोष्ट लोकांना आवडत नाही. आम्ही आधी तुमचेच घर शोधतो. आईवडील म्हणतात, आम्ही सगळे पाहिले, तुम्ही बाहेर जा. पण लहान मुले पलंगाच्या पेटीत, कपाटात, पाण्याच्या टाकीजवळ, गाडीच्या डिकीत सापडलेली आहेत, आणि घाबरलेल्या माणसाने "पाहिले" म्हणणे म्हणजे हाका मारत खोल्यांतून फिरणे असते. लहान मूल लपले असेल आणि मोठी माणसे ओरडत असतील तर ते ओ देत नाही. आपल्याला मार बसणार असेच त्याला वाटते. म्हणून पोलीस तुमच्या घरातली कपाटे उघडू लागले तर तो संशय समजू नका. तपासाची सुरुवात नीट झाली असा त्याचा अर्थ आहे.

तिसरे, कॅमेऱ्यांचे चित्रण. ते कायम राहत नाही. साठवणीची जागा भरली की जुन्यावर नवे लिहिले जाते, कुठे महिन्याने, कुठे आठवड्याने, कुठे त्याहूनही आधी. "सकाळपर्यंत वाट पाहा" या वाक्याने एक रात्र जाते असे वाटते. पण पुढे सुट्टी आली, मालक बाहेरगावी असला, तर त्या एका रात्रीचे चार दिवस होतात आणि चित्रण गेलेले असते.

श्वानपथक बोलावायचे असेल तर मुलाचा न धुतलेला कपडा, उशीचा अभ्रा, वापरातली चप्पल तशीच राहू द्यावी. घरातली बायकामाणसे काळजीपोटी खोली आवरून ठेवतात. आणि मदतीला आलेले दोनशे लोक त्याच वाटेने चालून जातात, मग कुत्र्याने काय करायचे?

कलमबद्ध

मी वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतेच लिहितो. चोवीस तास थांबावे लागते असे आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. चोवीस तासांची मुदत कायद्यात आहे ती अटक केलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यांपुढे आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला बालकल्याण समितीपुढे हजर करण्यासाठी. तीच कुठून तरी घसरत हरवलेल्या मुलांच्या तक्रारीला चिकटली असावी असा माझा तर्क आहे. अमेरिकेत तर १९९० च्या कायद्याने पोलिसांना अशी वाट पाहायला लावण्यास स्पष्ट मनाई केली, आणि २००६ पासून तक्रार आल्यावर दोन तासांच्या आत राष्ट्रीय संगणकीय नोंदीत माहिती भरण्याचे बंधन घातले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर प्रथम खबरी अहवाल नोंदवावा आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी तस्करी असल्याचे गृहीत धरून तपास करावा. या आदेशाचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अंमलदाराने शक्यता तोलू नये, हेच न्यायालयाने सांगितले आहे. "पळून गेला असेल" हा निष्कर्ष तपासाच्या शेवटी येऊ शकतो, सुरुवातीला नाही. उंबरठा यांच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते इथे आहे. अंमलदारांचा अंदाज बरोबर ठरला, पण तो अंदाज बांधण्याचा अधिकार त्या क्षणी त्यांना नव्हता.

हद्दीचे कारण सांगून परत पाठवणेही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. ठाण्यांच्या भाषेत यालाच शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल करणे म्हणतात. अहवालाची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मूल कुणाच्या बेकायदा ताब्यात असल्याचे दिसत असेल तर उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस), म्हणजे त्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी याचिका हा मार्ग आहे.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला खटकते. नव्या संहितेच्या कलम १९३ ने तपासाची प्रगती फिर्यादीला कळवण्याचे बंधन पोलिसांवर घातले, हे चांगलेच झाले, पण त्यासाठी मुदत दिली नव्वद दिवसांची. मोटारसायकल चोरीला गेलेल्या माणसाला नव्वद दिवस ठीक आहेत.

शंकासुर

सर्वांचे लिहिणे वाचले आणि कायद्याबद्दल वाद नाही. परंतु सगळे एकाच प्रकारच्या मुलाचा विचार करत आहेत असे दिसते, सात-आठ वर्षांचा, हात सुटून हरवलेला. वर दिलेल्या ८३,३५० मधल्या जवळजवळ ६३ हजार मुली आहेत, आणि ठाण्यात येणाऱ्या तक्रारींतला मोठा वाटा सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचा असतो हे कोणताही अधिकारी सांगेल. त्यांतल्या किती जणी फसवल्या जातात, किती विकल्या जातात, किती ठरलेले लग्न टाळून निघून जातात आणि किती जणी स्वतःच्या मनाने कुणाबरोबर जातात, हे पहिल्या तासात कुणालाच सांगता येत नाही. पालकांची अपेक्षा मात्र ठरलेली असते: मुलीला आणा आणि त्या मुलाला आत टाका. पोलिसांनी शोध घ्यावा ही अपेक्षा आणि पोलिसांनी घराण्याची अब्रू राखावी ही अपेक्षा एकाच तक्रारीत मिसळलेली असते. मग तोच समाज पोलीस हरवलेल्या मुलींची प्रकरणे गांभीर्याने घेत नाहीत म्हणून ओरडतो.

नोंद सरसकट करावी हे मान्य. पण ठाण्यात माणसे तेवढीच आहेत. सतरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचे मूल एकाच संध्याकाळी हरवले तर दोन्हींकडे सारखीच माणसे पाठवा असे कुणी म्हणणार आहे का?

पाणपोई

शंकासुर, आपला शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर "नाही" असेच आहे. धोका तोलावाच लागतो. परंतु नोंद करावी की नाही हे ठरवण्यासाठी तो तोलायचा नसतो. नोंद झाल्यावर कुणाला कुठे पाठवायचे हे ठरवताना तोलायचा असतो. हे दोन क्रम उलटे झाले की काय होते याचे उदाहरण इंग्लंड-वेल्समध्ये आहे. तिथे २०१३ मध्ये पोलिसांनी "हरवलेला" याच्या जोडीला "गैरहजर" असा एक वर्ग केला, म्हणजे अपेक्षित जागी नाही पण धोकाही दिसत नाही असा. हेतू मनुष्यबळ वाचवण्याचा होता. २०१६ मध्ये पोलीस निरीक्षण संस्थेने अहवाल दिला, त्याच्या शीर्षकातच "कुणाला काळजी आहे?" असा प्रश्न होता. पुन्हा पुन्हा निघून जाणारी, बालगृहांत राहणारी, लैंगिक शोषणाच्या जाळ्यात सापडलेली मुले "गैरहजर" ठरवली जात असल्याचे त्यात दाखवून दिले होते. पुढे तो वर्ग मोडीत काढावा लागला. जे मूल दहाव्यांदा निघून जाते त्याच्याबद्दल ठाण्याला वाटते, हे तर नेहमीचेच आहे. मी बालकल्याणाच्या क्षेत्रात काम करते. दहाव्यांदा निघून जाणारे मूल पहिल्यांदा जाणाऱ्यापेक्षा अधिक धोक्यात असते असा माझा अनुभव आहे, कारण ते कशापासून तरी दहा वेळा पळालेले असते आणि दहा वेळा तिथेच परत पाठवले गेलेले असते.

आणि कुणाचे मूल, हा प्रश्नही टाळता येणार नाही. नोएडातल्या निठारीत डिसेंबर २००६ मध्ये एका घरामागच्या नाल्यात मुलांचे सांगाडे सापडले. त्याआधी कितीतरी महिने तिथली मोलमजुरी करणारी कुटुंबे ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होती आणि त्यांना मुले पळून गेली असतील असे ऐकवले जात होते. पुढे २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडताना तपासाच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. म्हणजे तक्रार घेताना हेळसांड आणि घेतल्यावर तपासातही हेळसांड, आणि आईवडिलांच्या हाती शेवटी काहीच नाही. उंबरठा यांना बाकावर तरी बसवले होते हे मी उपरोधाने म्हणत नाही. बाकापर्यंतही न पोहोचणारी माणसे मी रोज पाहते.

आता माझी स्वतःची अपेक्षा सांगते, जी या चर्चेत अजून कुणी मांडलेली नाही. मूल सापडले की आपल्या लेखी प्रकरण मिटते. इंग्लंडमधल्या सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे परत आलेल्या मुलाशी बहात्तर तासांच्या आत एका त्रयस्थ, म्हणजे पोलीसही नाही आणि पालकही नाही अशा व्यक्तीने बोलावे लागते: का गेलास, कुठे होतास, कुणी काही केले का, परत जायची भीती वाटते का? आपल्याकडे बालकल्याण समितीपुढे हे व्हायला हवे आणि काही ठिकाणी उत्तम होतेही, पण बहुतेक वेळा सही घेऊन मूल वडिलांच्या हाती दिले जाते, आणि वडील पोलिसांसमोरच त्याच्या कानाखाली वाजवतात. पोलिसांनी पालकांचे ऐकावे एवढीच अपेक्षा पुरेशी नाही. सापडलेल्या मुलाचेही ऐकावे.

शांतवेळ

मी फक्त एवढ्यासाठी लिहिते आहे, की कुणाला उपयोग व्हावा. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, नऊ वर्षांचा, बोलत नाही. तो दोनदा घराबाहेर गेला आहे. अशा मुलांना पाण्याचे विलक्षण आकर्षण असते आणि त्यांच्या मृत्यूंमध्ये बुडण्याचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे रस्ते आणि स्थानके शोधण्याआधी जवळची विहीर, तळे, टाकी, उघडा हौद येथे माणूस पाठवायला हवा. पहिल्या वेळी हे मी पोलिसांना सांगत होते आणि ते मला "बाई, आधी शांत व्हा" असे सांगत होते. दुसऱ्या वेळी मी एक कागद तयार ठेवला होता: त्याचा फोटो, तो हाकेला ओ देत नाही, शिट्टी वाजवली तर कान झाकतो, अंगाला हात लावला तर पळतो, पाण्याकडे जातो, अमुक गाणे लावले तर जवळ येतो. त्या वेळच्या हवालदारांनी तो कागद वाचला, त्याचा फोटो काढून गस्तीच्या गाडीला पाठवला आणि पहिली गाडी तलावाकडेच गेली. वीस मिनिटांत तो सापडला, काठावर बसला होता.

ठाणे तेच होते. माणूस वेगळा होता. माझी अपेक्षा म्हणाल तर एवढीच, की हे माणसावर अवलंबून असू नये.

तिरका कोन

ठाणे_डायरी यांनी घर शोधण्याबद्दल लिहिले ते पटले, पण संशयाबद्दल अधिक बोलायला हवे. पालकांवर संशय घेऊ नये अशी सर्वांची अपेक्षा असते, स्वतःवर पाळी आली तर. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र "आईनेच काहीतरी केले असेल" हे वाक्य बातमी वाचता वाचताच आपल्या तोंडून निघते. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये २००८ साली नऊ वर्षांची एक मुलगी हरवली, आई दूरदर्शनवर रडली, सारी वस्ती शोधात उतरली, आणि चोवीस दिवसांनी ती सापडल्यावर त्या अपहरणात आईच सामील असल्याचे उघड झाले. तिथे पोलिसांनी घरच्यांना वगळले असते तर?

उलट बाजूला ऑस्ट्रेलियातले चेंबरलेन प्रकरण आहे. ऑगस्ट १९८० मध्ये उलुरूजवळच्या तळावरून नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगो या रानकुत्र्याने नेली असे आई पहिल्यापासून सांगत होती. ती कॅमेऱ्यांसमोर पुरेशी रडली नाही, आणि लोकांनी तिला तिथेच दोषी ठरवले. मोटारीत रक्त सापडल्याची साक्ष तज्ज्ञांनी दिली, ते प्रत्यक्षात गाडीतला आवाज कमी करण्यासाठी मारलेले रसायन निघाले. १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि डिंगोनेच नेल्याचे अधिकृतपणे मान्य व्हायला २०१२ उजाडले.

या दोन प्रकरणांतून मला दिसते ते असे, की आईवडिलांची चौकशी व्हावी, पण ती शोधाच्या बरोबरीने व्हावी, शोधाच्या ऐवजी नव्हे. आणि चौकशीत काय विचारले हे संध्याकाळच्या बातम्यांत येऊ नये. शोकाची पद्धत हा पुरावा नव्हे, हे पोलिसांना शिकवता येईल. वाहिन्यांना आणि आपल्याला कोण शिकवणार हे मला माहीत नाही.

ठाणे_डायरी

तिरका कोन यांच्याशी सहमत. प्रश्न एकदाच, वेगवेगळ्या खोल्यांत आणि सभ्य भाषेत विचारायचे, एवढे साधे आहे ते. वाईट भाषेत विचारले की माणूस मिटतो, आणि मिटलेला माणूस महत्त्वाची गोष्ट सांगायचे विसरतो.

आता लोकांकडून आमची अपेक्षा. मूल हरवले की फोटो फिरू लागतो. चांगले आहे. पण त्यावर पालकांचा खासगी क्रमांक टाकला जातो आणि मग खंडणीचे, थट्टेचे, खोट्या माहितीचे फोन सुरू होतात. ठाण्याचा क्रमांक, ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८ टाकावा. आणि तारीख टाकावी. तारीख नसलेला फोटो मरत नाही.

त्याहून भयंकर म्हणजे अफवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मोबाइलवरच्या संदेशांनी ती भीती गावोगाव पसरवली होती. अमेरिकेत १९९६ च्या एका अपहरणानंतर अ‍ॅम्बर इशारा ही पद्धत निघाली, तीत सर्वांच्या फोनवर एकदम सूचना जाते. पण ती प्रत्येक हरवलेल्या मुलासाठी वापरत नाहीत. अपहरण झाल्याचे सबळ कारण, जिवाला धोका आणि लोकांना ओळखता येईल इतके वर्णन असेल तरच इशारा दिला जावा अशी तिथली शिफारस आहे, कारण रोज वाजणारी घंटा कुणी ऐकत नाही.

कलमबद्ध

एक पुरवणी. हरवलेल्या मुलाचा फोटो शोधापुरता लोकांपुढे येतो, पण मूल सापडल्यावर त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे निष्पन्न झाले तर पोक्सो कायद्याच्या कलम २३ आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख उघड करता येत नाही. म्हणजे काल सद्भावनेने पुढे पाठवलेला फोटो आज काढून टाकावाच लागतो. "सापडला" हा संदेश "हरवला" या संदेशाइतका कधीच फिरत नाही.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. बऱ्याच गोष्टी मनात जागच्या जागी बसल्या. पाणपोई यांचे वाचून मी काल भाच्याला विचारले, की परत आल्यावर तुझ्याशी कुणी बोलले होते का. तो म्हणाला, "सगळे बोलले, पण विचारले कुणीच नाही." दोन वर्षांत मीही विचारले नव्हते.

माझी मूळ अपेक्षा आता मी जरा वेगळ्या शब्दांत मांडेन. मूल सापडेलच अशी हमी पोलीस देऊ शकत नाहीत आणि मागणेही अन्यायाचे आहे. जे त्यांच्या हाती पूर्णपणे असते ते मागता येते: तोलण्याआधी लिहून घ्या, हातातली माहिती दुसऱ्या ठाण्याला द्या, आणि चुकले तर सांगा. यांतले दुसरे किती महागात पडू शकते हे बेल्जियममध्ये दिसले. १९९५ मध्ये पळवलेल्या आठ वर्षांच्या दोन मुली ज्या घरात कोंडल्या होत्या त्याच घराची डिसेंबरात झडती झाली, पोलिसांना मुलांचे आवाजही ऐकू आले, आणि ते बाहेरून येत असावेत असे ठरवून ते परतले. मुली तिथेच उपासमारीने गेल्या. संशयिताबद्दलची माहिती एका पोलीस दलाकडे होती आणि दुसऱ्याला दिली गेली नव्हती. २० ऑक्टोबर १९९६ रोजी ब्रसेल्समध्ये सुमारे तीन लाख लोक पांढरे कपडे घालून, पांढरे फुगे हातात घेऊन चालले, आणि पुढे २००१ मध्ये तिथली सबंध पोलीस व्यवस्था नव्याने रचावी लागली.

तिसऱ्याचे उदाहरण विरळा आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९८९ साली अकरा वर्षांचा मुलगा पळवला गेला आणि त्याचे अवशेष थेट २०१६ मध्ये, गुन्हेगाराच्या कबुलीनंतर मिळाले. त्याच माणसाची चौकशी अगदी सुरुवातीच्या महिन्यांत झाली होती आणि त्याला सोडून दिले होते. २०१८ मध्ये तिथल्या नव्या शेरीफने, म्हणजे स्थानिक पोलीस प्रमुखाने, तपासाची हजारो पाने खुली केली आणि आपल्याच कार्यालयाचा तपास कुठे भरकटला ते पत्रकारांसमोर सविस्तर सांगितले. मला त्या अंमलदारांकडून माफी नको आहे. पण त्या रात्री आम्ही तिथे आलो होतो याची त्या ठाण्यात कुठेही एक ओळसुद्धा नाही, ही गोष्ट मात्र सहन होत नाही.

शंकासुर

एक व्यावहारिक शंका. नोंद केली आणि मूल रात्रीच घरी आले, तर पुढे काय? बहुतेक लोक या भानगडीच्या भीतीनेच नोंद टाळतात असे मला वाटते.

ठाणे_डायरी

लगेच ठाण्यात कळवायचे, म्हणजे बिनतारी संदेश रद्द होतो आणि गस्तीवरची माणसे मोकळी होतात. मग मुलाला घेऊन जायचे. त्याचा जबाब होतो, तो गणवेशात नसलेल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. गरज असेल तर वैद्यकीय तपासणी आणि बालकल्याण समिती. गुन्हा घडला नसल्याचे दिसले तर तसा अहवाल न्यायालयात जातो. हेलपाटे दोन-तीन होतात, हे खरे आहे. तक्रार "खोटी" ठरत नाही आणि तुमच्यावर काही कारवाई होत नाही. येताना अहवालाची प्रत तेवढी बरोबर आणा, नोंद शोधायला वेळ लागत नाही.